विधानसभेने मनावर घेतले तरी? देहविक्रयाचा कायदा आणि राज्याच्या हातातल्या किल्ल्या

सोलापूरकडे वस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 2022 मध्ये कायदा करून प्रौढांचा स्वखुशीने चाललेला देहविक्रय फौजदारी कायद्यातून बाहेर काढला. मग महाराष्ट्र विधानसभेला तसा कायदा का करता येऊ नये, आणि तो होण्याची शक्यता किती? ताईंना आमदारांना निवेदन द्यायचे आहे, त्याआधी त्यांना उत्तर हवे आहे.

मी 22 वर्षे फौजदारी वकिली करते. त्यातली निम्मी तरी पिटाच्या खटल्यांत गेली. पिटा म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक अधिनियम, 1956. पोलीस ठाण्यात, कोर्टात, वर्तमानपत्रात आणि वस्तीतही त्याला पिटाच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार.

ताई, सगळा धंदा फौजदारी कायद्यातून बाहेर काढणारा कायदा मुंबईत होणे नाही. राजकारण बाजूला ठेवले, 288 च्या 288 आमदारांनी हात वर केले, तरी तो कोर्टात टिकणे फार कठीण. पण तुमच्या वस्तीतल्या बाईला रोज जो त्रास होतो, त्यातला बराच राज्य सरकारच्या हातात आहे, आणि त्यासाठी दिल्लीकडे बघत बसायची गरज नाही. निवेदन जरूर द्या, मागणी तेवढी बदला.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण तो वकिलांतही आढळतो. पिटात ‘शरीरविक्रय करणे हा गुन्हा’ असे कुठेही लिहिलेले नाही. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी तीन तरुणींना महिला वसतिगृहातून सोडताना हेच स्पष्ट सांगितले होते. गुन्हा आहे तो भोवतालच्या सगळ्याचा. कलम 3, कुंटणखाना चालवणे. कलम 4, दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगणे. कलम 5 आणि 6, फूस लावून आणणे, डांबून ठेवणे. कलम 7, देऊळ, मशीद, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून 200 मीटरच्या आत किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या भागात धंदा करणे. कलम 8, गिऱ्हाईक बोलावणे.

आता ही कलमे वस्तीत कशी उतरतात ते बघा. कुंटणखान्याच्या व्याख्येत ‘दोन किंवा अधिक जणींच्या परस्पर फायद्यासाठी’ असे शब्द आहेत. म्हणजे दलाल नको, घरवाली (कुंटणखाना चालवणारी बाई) नको म्हणून दोन मैत्रिणींनी भाडे वाटून घेत एक खोली धरली, तरी कायद्याच्या नजरेत तो कुंटणखाना. कमाईवर जगण्याचे कलम 18 वर्षांवरच्या कुणालाही लागते. मुलगा कॉलेजात आहे, फी आई भरते, आणि पैसा कुठून येतो हे त्याला ठाऊक आहे. कागदावर तो दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात बसतो. गावाकडची म्हातारी आईसुद्धा. कलम 8 तर आणखी वाचण्यासारखे आहे. पहिल्याच वेळी बाईला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि हाच गुन्हा पुरुषाने केला तर किमान 7 दिवस, जास्तीत जास्त 3 महिने. एक गुन्हा, एकच कलम, दोन मापे. आणि 200 मीटरचे म्हणाल तर, आपल्या जुन्या पेठांच्या नकाशावर एवढ्या त्रिज्येत देऊळ नाही अशी एक जागा मला दाखवा. पुण्याची बुधवार पेठ तर दगडूशेठच्या आवाजाच्या टप्प्यात आहे.

मग हे विधानसभेला का बदलता येत नाही? राज्यघटनेचे कलम 23 माणसांच्या व्यापाराला बंदी करते आणि तो शिक्षापात्र गुन्हा ठरवते. त्याची शिक्षा ठरवण्याचा अधिकार कलम 35 ने फक्त संसदेला दिला आहे. त्यात नुसते ‘संसदेला असेल’ म्हणून थांबलेले नाहीत, ‘राज्य विधानमंडळाला नसेल’ असेही लिहून ठेवले आहे. घटनाकारांनी इतक्या स्पष्टपणे राज्यांपुढे दार लावलेल्या जागा थोड्याच आहेत. शिवाय पिटाचा मूळ कायदा 9 मे 1950 रोजी न्यूयॉर्कला सही झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार केला, असे त्याच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे. आंतरराष्ट्रीय करार अमलात आणणे हाही संसदेचाच प्रांत, कलम 253.

त्याआधी असे नव्हते. मुंबई प्रांताचा स्वतःचा 1923 चा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा होता, इतर प्रांतांचेही होते. पिटाच्या कलम 25 ने असले सगळे राज्य कायदे एका फटक्यात रद्द केले. राज्याकडे या विषयात जे होते ते तेव्हाच गेले. ऑस्ट्रेलियात फौजदारी कायदा हा मुळात राज्यांचा विषय, म्हणून न्यू साउथ वेल्सने 1995 मध्ये, व्हिक्टोरियाने 2022 मध्ये आणि क्वीन्सलँडने 2024 मध्ये आपापले ठरवले. तिथली राज्ये आणि आपली राज्ये, दोघांनाही मराठीत राज्यच म्हणतात, घोटाळा तिथे होतो.

कुणी म्हणेल, फौजदारी कायदा आपल्याकडे समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. कलम 254(2) खाली राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्याला केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती करता येते, अशा दुरुस्त्या राज्ये करतही असतात. बरोबर आहे. माझ्या मते कलम 8 आणि कलम 7 चा काही भाग, म्हणजे रस्त्यावर उभे राहणे आणि 200 मीटर, याबाबत हा युक्तिवाद लढवता येईल. हे माणसांच्या व्यापाराचे गुन्हे नव्हेत, सार्वजनिक शिस्तीचे आहेत असे म्हणता येईल. पण संमती राष्ट्रपतींची म्हणजे व्यवहारात केंद्रीय गृह मंत्रालयाची, आणि केंद्राचा कल काय आहे तो सर्वोच्च न्यायालयापुढे उघड झालेला आहे. त्याकडे येते.

19 मे 2022 चा बुद्धदेव करमास्कर खटल्यातला आदेश आठवा. ‘सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रयाला व्यवसायाचा दर्जा दिला’ अशा बातम्या तेव्हा सगळीकडे आल्या, वस्तीत कुणी पेढेही वाटले असतील. मूळ आदेश वाचला तर गोष्ट इतकी गोड नाही. न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या दहा शिफारशी होत्या. बाई प्रौढ असेल आणि स्वखुशीने करत असेल तर पोलिसांनी कारवाई करू नये ही एक. छाप्यात बायकांना अटक, दंड, छळ करू नये ही दुसरी. नेमक्या या दोन्हींवर केंद्र सरकारने हरकत नोंदवली, आणि राज्यांनी पाळायच्या निर्देशांच्या यादीत त्या आल्या नाहीत. चार शिफारशी अशा बाहेर राहिल्या. आत आले ते बाकीचे, आणि तेही कमी मोलाचे नाही: अत्याचार झालेल्या बाईला इतर कुठल्याही पीडितेसारखी मदत, संरक्षणगृहांची (छाप्यात सापडलेल्या बायकांना ठेवतात त्या गृहांची) पाहणी करून मनाविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ बायकांची सुटका, पोलिसांच्या वागणुकीला लगाम, ओळख उघड न करणे, कंडोमला पुरावा न मानणे. संसद कायदा करेपर्यंत हे लागू आहे.

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबते. छाप्याचा पंचनामा ज्यांनी वाचलेला नाही त्यांना तो कसा असतो हे कळणार नाही. ‘बनावट गिऱ्हाईक’ आत जाते, पोलिसांच्या भाषेत पंटर. त्याच्याकडे पाचशेच्या दोन नोटा, क्रमांक आधीच टिपलेले. इशारा मिळाला की दोन पंचांसह पथक आत. मग मुद्देमालाची यादी: रोख रक्कम, मोबाईल, वही, आणि ‘निरोधची पाकिटे, नग अमुक’. वर्षानुवर्षे हेच. तुमच्यासारख्या आरोग्य कार्यकर्तीने सकाळी सरकारी योजनेतून पाकिटे वाटायची आणि संध्याकाळी दुसऱ्या सरकारी खात्याने तीच लाखेने सील करून पुरावा म्हणून ठेवायची. 2022 नंतर हे कमी झाले आहे, थांबलेले नाही. पंचनाम्यात अजून ‘नग अमुक’ दिसले की मी आदेशाची प्रत अर्जाला जोडते.

आता राजकारण. इथे मला भविष्य सांगायची गरज नाही, इतिहास पुरेसा आहे. 2005 मध्ये राज्याने मुंबई पोलीस कायद्यात 33-अ आणि 33-ब ही कलमे घालून डान्सबार बंद केले. दोन्ही सभागृहांत एकमत. 2006 मध्ये उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तरी 2014 मध्ये नवी दुरुस्ती पुन्हा एकमताने. 2016 मध्ये आणखी एक कायदा, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्याही अनेक अटी काढून टाकल्या. एरवी ऊसदरावरून एकमेकांचे माईक ओढणारे पक्ष बाईच्या ‘प्रतिष्ठे’चा विषय आला की एका ओळीत उभे राहतात. या सभागृहाकडून धंदा मोकळा करणारे विधेयक एकमताने सोडा, बहुमतानेही येईल असे मला वाटत नाही.

आणि आलेच, तर कसले येईल याचीच मला जास्त भीती आहे. 1994 मध्ये एड्सची धास्ती टिपेला असताना महाराष्ट्राने देहविक्रय करणाऱ्यांच्या ‘संरक्षणा’चे एक विधेयक तयार केले होते. नाव संरक्षण, आत काय? मंडळाकडे सक्तीची नोंदणी आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी. इंग्रजांनी 1868 च्या सांसर्गिक रोग कायद्यात जे केले आणि 1888 मध्ये लाजून मागे घेतले, तेच सव्वाशे वर्षांनी नव्या कपड्यांत. ते विधेयक कायदा झाले नाही हे बरे झाले. म्हणून निवेदनात ‘देहविक्रय कायदेशीर करा’ हे शब्द चुकूनही घालू नका. मंत्रालयात त्याचा अर्थ ‘परवाना द्या’ असा घेतला जातो. परवाना आला की नोंदवही आली, नोंदवहीत नाव, फोटो, गाव, दर तीन महिन्यांचा रक्त अहवाल, आणि शंभरातल्या ज्या नव्वद जणी नाव नोंदवायला घाबरतील त्या पुन्हा बेकायदा. सांगलीची संग्राम संस्था आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद इतकी वर्षे मागते आहे ते परवाने नव्हेत. फौजदारी कलमे काढा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. दोन मागण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तर मग राज्याच्या हातात काय आहे?

पहिली किल्ली, आणि हिच्याकडे कुणी बघतच नाही, म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951, पूर्वीचा मुंबई पोलीस कायदा. हा शंभर टक्के राज्याचा कायदा. रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बाईवर पिटाचे कलम 8 क्वचित लागते, कारण त्याला पुरावा लागतो, साक्षीदार लागतात. लागते ते कलम 110 आणि 117, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन आणि त्याचा दंड. गाडी येते, स्टँडजवळच्या पाचसहा जणींना उचलते, सकाळी कोर्टात उभे करते, कबुली, दंड, घरी. एका प्रकरणाला दोन मिनिटेही लागत नाहीत. ‘गुन्हा कबूल आहे का’ याला बायका प्रश्न संपायच्या आत ‘हो’ म्हणतात, कारण नाही म्हटले तर पुढची तारीख आणि त्या दिवसाची कमाई बुडाली. काय असभ्य केले हे विचारले जात नाही. मी एकदा विचारले होते. हवालदार म्हणाला, ‘उभी होती, मॅडम.’ ‘नुसते उभे राहणे, हातवारे करणे, बोलणे हे या कलमाखाली असभ्य वर्तन नव्हे’ असे एक स्पष्टीकरण कलम 110 ला जोडायला ना घटनेचे कलम 35 आडवे येते, ना राष्ट्रपती. विधानसभेत अशासकीय विधेयक म्हणून कुणीही आमदार हे मांडू शकतो. मंजूर होईल असे मी म्हणत नाही. पण मंत्र्याला उत्तर द्यावे लागेल, आणि ते उत्तर कार्यवृत्तात राहते.

दुसरी किल्ली पिटाच्या कलम 7 ची. पिटा केंद्राचा असला तरी कोणता भाग निषिद्ध हे अधिसूचित करायचे राज्य सरकारने, आणि कोणती जागा ‘सार्वजनिक’ हे ठरवायचे पोलीस आयुक्त किंवा दंडाधिकाऱ्याने. ऑगस्ट 2021 मध्ये नागपूरची गंगाजमुना वस्ती याच कलमाच्या बळावर पोलिसांनी सील केली. संसदेने नाही, विधानसभेने नाही, एका कार्यालयातल्या सहीने पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीला बॅरिकेड लागले. सहीने जे लागते ते सहीने निघतेही. अशी अधिसूचना काढण्याआधी वस्तीतल्या बायकांचे म्हणणे ऐकावे आणि पर्यायी व्यवस्थेचा लेखी आराखडा जोडावा, एवढे गृह खात्याचे परिपत्रक मागा. गोव्यात बायणा किनाऱ्यावरची वस्ती 2004 मध्ये पाडली तेव्हा धंदा संपला नाही. बायका गोवाभर पांगल्या आणि ज्यांना आरोग्य कार्यकर्त्या नावाने ओळखत होत्या त्या सापडेनाशा झाल्या. हे उदाहरण निवेदनात घाला, कारण आरोग्य खात्याला तेवढेच लवकर समजते.

तिसरी किल्ली संरक्षणगृहाची, आणि माझ्या मनात सगळ्यात जास्त घर करून बसलेली हीच. छाप्यात सापडलेली बाई आरोपी नसते, ‘पीडित’ असते. ऐकायला बरे वाटते. पिटाच्या कलम 17 खाली दंडाधिकारी तिची चौकशी करतात, परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) तिच्या घरी जाऊन अहवाल देतो, आणि ‘काळजी व संरक्षणाची गरज’ वाटली तर एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवता येते. आरोपी घरवाली आठवड्याभरात जामिनावर बाहेर, पीडित आत.

बऱ्याच वर्षांपूर्वीची एक अशील सांगते, ओळखीची खूण एकही न देता. वय 26, पाच वर्षांची मुलगी शेजारणीकडे. छाप्यानंतर तिसऱ्या दिवशी भेटले तेव्हा मला वाटले रडत असेल. ती बोटांवर हिशेब करत होती. भिशीचा हप्ता 10 तारखेला, तिचा नंबर पुढच्याच महिन्यात लागणार होता, हप्ता चुकला तर नंबर जाणार. गॅस संपत आलेला. मुलीच्या शाळेचा दाखला मामाकडे. मी से, म्हणजे सरकार पक्षाचे लेखी म्हणणे, मागवला, सरकारी वकिलांनी ‘समाजहित’ लिहिले. परिविक्षा अधिकारी गावी गेला आणि त्याने भावाला दारात उभे राहूनच सगळे सांगून टाकले, त्यामुळे गावाकडचा रस्ता बंद झाला. अहवालात मात्र ‘कुटुंबीय स्वीकारण्यास तयार नाहीत’ असे आले आणि त्याच कारणावरून एक वर्षाचा आदेश झाला. सत्र न्यायालयातल्या अपिलात ती सुटली, पण तोवर चार महिने गेले होते. भिशी गेली, खोली गेली.

यातले काहीही बदलायला नवा कायदा लागत नाही. दंडाधिकाऱ्यांना मदतीसाठी पाच प्रतिष्ठित व्यक्तींचे पॅनेल बोलावता येते, शक्यतो त्यात तीन स्त्रिया, असे कलम 17(5) म्हणते. किती जिल्ह्यांत अशी नावांची यादी तयार आहे? पिटाच्या कलम 23 खाली नियम करायचा अधिकार राज्याचा आहे, संरक्षणगृहे चालवायची किंवा त्यांना परवाने द्यायचे तेही राज्यानेच. गृहचौकशी करताना बाईच्या लेखी संमतीशिवाय गावी कुणाला काही सांगायचे नाही, प्रौढ बाईचा जबाब तिच्या वकिलासमोर व्हावा, सरकारी वकिलांनी छापील से देऊ नये. हे महिला व बालविकास खात्याने आणि गृह खात्याने मनात आणले तर एका शासन निर्णयाचे काम आहे.

राज्याने मनात आणले तर होते हे आपण 2020 मध्ये पाहिले. टाळेबंदीत सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्राचा आग्रह न धरता रेशन द्या म्हटल्यावर महाराष्ट्राने त्यापुढे जाऊन ऑक्टोबर ते डिसेंबर महिना 5,000 रुपये, आणि शाळेत जाणारी मुले असतील तर 2,500 जादा, असा निर्णय काढला. वाटपात तक्रारी झाल्या, हा भाग वेगळा. पण शासन निर्णयावर या बायकांचा उल्लेख गुन्हेगार म्हणून नाही, लाभार्थी म्हणून आला. आधारकार्डाचेही तसेच: आता राहत्या घराच्या पुराव्याऐवजी राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांचे प्रमाणपत्र चालते. तुमच्या वस्तीत किती जणींकडे ते आहे, आधी मोजा.

निवेदनाआधी माहिती अधिकाराचे दोन अर्ज टाका. एक महिला व बालविकास खात्याकडे: 2022 च्या आदेशानंतर जिल्ह्यातल्या संरक्षणगृहांची पाहणी कधी झाली आणि किती प्रौढ बायका सुटल्या. दुसरा पोलिसांकडे: गेल्या तीन वर्षांत 110/117 खाली किती स्त्रियांवर कारवाई झाली, पोलीस ठाणेनिहाय. दुसऱ्याला ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असे उत्तर येईल. तेव्हा अपिलात न अडकता कोर्टातली नोंदवही पाहण्यासाठी अर्ज करा. तिथे सगळे असते, एकेका पानावर वीस-वीस नावे आणि समोर दंडाची तीच रक्कम.